सामना तुम्हीही बघायचा आहे

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: म्हापशाजवळच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. १९ जुलैच्या रात्री विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना बघायला त्यांच्या घरी अठरा माणसं यायची आहेत. यजमान तरुणपणी गावच्या क्लबात खेळायचे, त्यामुळे मित्रमंडळी सगळी फुटबॉलवेडी. गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या जाऊबाईंनी बंगळूरच्या घरी अशाच एका सामन्याला केटररकडून सुशी, डिमसम, कोरियन चिकन असा थाट केला होता. त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर अजून फिरतात. यंदा ‘आपल्याकडेही तसंच काहीतरी एशियन करू’ असं यजमानांनी मित्रांना परस्पर सांगून टाकलं. ताई लिहितात, ‘मला भजी, बटाटेवडे, कटलेट येतात. एशियन काही येत नाही. बाहेरून मागवायचं तर अठरा जणांचा खर्च झेपणारा नाही, आणि मध्यरात्री पावसात आणून कोण देणार? त्यात सासूबाई सोमवारी शिवराक असतात, म्हणजे मासे-मटण खात नाहीत, आणि सामना सुरू होतो तेव्हा सोमवार लागलेला असतो. आपलं गावठी दिसू नये आणि घरात वादही होऊ नये, असं काय करू?’

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. माणसं किती, टीव्ही कुठल्या खोलीत, चटया कुणाकडून आणायच्या, सगळं तुम्ही लिहिलं आहे. फक्त तुम्ही स्वतः कुठे बसून सामना बघणार, ते कुठेच नाही. तुम्ही या रात्रीचा सगळा हिशेब स्वयंपाकघरात उभं राहून केला आहे. म्हणून पदार्थांच्या आधी त्याबद्दल बोलते.

१८ डिसेंबर २०२२. रविवार, रात्री साडेआठचा सामना, अर्जेंटिना आणि फ्रान्स. आमच्या घरी बारा-तेरा जण होते. ऐंशी मिनिटांपर्यंत अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती. आता काही होत नाही असं वाटून मी रोल्सचा शेवटचा घाणा तळायला आत गेले. कढईत चार रोल सोडले आणि बाहेर आरडाओरडा झाला. ते उलटवेपर्यंत दुसरा. फ्रान्सच्या एम्बापेने सत्त्याण्णव सेकंदांत दोन गोल केले होते, आणि मी ते भिंतीपलीकडून ऐकले, हातात झारा धरून. नंतर ते दोन गोल पुन्हा पुन्हा दाखवले, मी पाहिलेही. पण घरातली सगळी माणसं एकदम उभी राहिली, तेव्हा मी त्यांच्यात नव्हते. त्याचं मला आजही वाईट वाटतं. रोल तर कुणाच्या लक्षातही नाहीत.

म्हणून माझी एकच अट. सामन्याची शिट्टी वाजल्यावर कढई गॅसवर असता कामा नये. पदार्थ कुठल्याही देशाचे करा, पण या अटीत बसतील तेच. मग तुमचे अर्धे प्रश्न आपोआप निकालात निघतात.

आता वेळेचं गणित. सामना अमेरिकेत, न्यू जर्सीत दुपारी तीनला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेबारा. पाहुणे घरून जेवूनच येतील, किंवा निदान पेजभाजी तरी खाऊन. त्यांना जेवण द्यायचं नाही, तोंड चाळवायला द्यायचं आहे. माणशी पाच-सहा घास पुरे. अठरा जणांना शंभर घास म्हणजे खूप झाले. तुमच्या यादीत नऊ पदार्थ आहेत, ते तीनवर आणा. चौथा हवाच असेल तर आधी करून ठेवता येणारा. या स्पर्धेत प्रत्येक अर्धात बाविसाव्या मिनिटाच्या आसपास तीन मिनिटं पाणी प्यायला खेळ थांबवतात. ती तीन मिनिटं ताट फिरवायला पुरतात. मध्यंतर एरवी पंधरा मिनिटांचं असतं. अंतिम सामन्यात त्या वेळी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ठरला आहे, तेव्हा थोडं जास्तच मिळेल. गरम काही द्यायचं असेल तर तेवढ्यातच.

आता ‘एशियन’ या शब्दाकडे येते, कारण पत्रात सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. ‘मला एशियन येत नाही’ हे वाक्य वाचून मी क्षणभर थांबले. तुम्ही बार्देशात राहता, परसात माड, स्वयंपाकघरात मोदकपात्र आणि आप्पेपात्र, दारात गवती चहाचं बेट. ताई, थायलंडच्या किंवा इंडोनेशियाच्या बाईच्या घरात याहून वेगळं काय असतं? आपण चहात पातं कापून टाकतो तोच गवती चहा त्यांच्याकडे वाटणात पडतो, फक्त ते पात्याऐवजी खालचा पांढरा, गाठाळ दांडा वापरतात. जपानमध्ये ओसाकाच्या रस्त्यावर ताकोयाकी मिळतात. ऑक्टोपसचे तुकडे घातलेले ते गोळे ज्या खळग्यांच्या तव्यावर होतात, तो तवा पाहिलात तर ‘हे तर आपलं आप्पेपात्र’ असंच म्हणाल. थायलंडमध्ये तशाच खळग्यांत तांदूळ आणि नारळाच्या दुधाचे गोड घास करतात. फिलिपीन्समध्ये माडाच्या सुरेचं व्हिनेगर करतात आणि त्यात लसूण-मिरची ठेचून तळणीबरोबर बुडवून खातात. ते व्हिनेगर तुमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाटल्यांतून मिळतं.

भज्यांना तुम्ही गावठी म्हटलंत, त्याचं उत्तर द्यायलाच हवं. जपानी टेम्पुराचं आज जगभर कौतुक होतं. पिठात बुडवून तळायची ती रीत जपानात पोर्तुगीजांबरोबर गेली, असं मानलं जातं. पोर्तुगीज १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर उतरले, आणि त्यांच्या पूर्वेकडच्या कारभाराचं मुख्य ठाणं गोवा होतं. जपानकडे जाणाऱ्या जहाजांचा रस्ता इथूनच, मलाक्का आणि मकाववरून जायचा. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच निघून जपानच्या कागोशिमाला पोचले. पोर्तुगालमध्ये फरसबीच्या शेंगा पिठात बुडवून तळतात. तिथे त्यांना ‘परसातल्या मासोळ्या’ अशा अर्थाचं नाव आहे. म्हणजे फरसबीची भजीच ती. कोळंबीच्या आंबट-तिखट लोणच्याला आपण बालचांव म्हणतो, तो शब्दही मलायातल्या ‘बलाचान’ या कोळंबीच्या वाटणापाशी जाऊन पोचतो. या सगळ्या वाटा तुमच्या गावापासून दोन तासांच्या आतल्या बंदरांतून गेलेल्या आहेत. एशियन करायचं म्हणजे परकं काहीतरी आणायचं, हे डोक्यातून काढून टाका.

तरीही भजी त्या रात्री करू नका. कारण गावठी असणं नाही, कारण जुलै महिना. आपल्या पावसात हवा इतकी ओली असते की कुरकुरीत पदार्थ ताटात पंधरा मिनिटांत सादळतो. स्प्रिंग रोल, वॉन्टन, कोरियन चिकन, सगळ्यांचा जीव त्या कुरकुरीतपणात. तो टिकवायचा तर सतत तळत राहावं लागतं, आणि मग तुम्ही पुन्हा माझ्यासारख्या भिंतीपलीकडे. पावसाळ्यात वाफवलेलं, पानात गुंडाळलेलं आणि तव्यावर भाजलेलं निवडा. ते सादळत नाही.

सुशीही सोडा. सुशी म्हणजे कच्चा मासा असा आपला समज असतो. मुळात सुशी म्हणजे व्हिनेगर घातलेला भात, मासा त्यावर असतो किंवा नसतो. पण तो भात फ्रिजमध्ये ठेवला तर टणक होतो, बाहेर दमट उकाड्यात तासन्‌तास ठेवला तर पोट बिघडवतो, आणि भोवतीचा समुद्री शेवाळाचा कागद आपल्या हवेत चामट होतो. त्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदी. ताजी मासळी कमी आणि महाग. कच्च्या माशाचा विचारही या दिवसांत नको.

मग काय करायचं? मी तुमच्या जागी असते तर ताटाच्या मधोमध मियांग खाम ठेवलं असतं. नावाने घाबरू नका. थाई भाषेत मियांग म्हणजे पानात गुंडाळलेला खाऊ आणि खाम म्हणजे एक घास. पानावर भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, आलं, लहान कांदा, सालीसकट लिंबू, मिरची आणि सुकी कोळंबी, प्रत्येकाचा कणभर तुकडा. वर गूळ-चिंचेचं दाट पाणी. घडी घालून सगळं एकदम तोंडात. तिकडे त्याला विड्याच्या पानाच्या जातीतलंच एक रानटी, कमी तिखट पान वापरतात. आपल्याकडे कुळागरातली विड्याची कोवळी पानं घ्या. लहान, फिकी हिरवी निवडा, जून पानं जीभ भाजतात. मोठं असेल तर मधली शीर काढून दोन करा.

सुकी सुंगटं, म्हणजे तीच सुकी कोळंबी, खोबरं, कांदा, आंबट आणि मिरची असं एकत्र वाचल्यावर तुम्हाला काय आठवलं? किसमूरच ना, सुक्या सुंगटांची आपली कोशिंबीर. हाताला इतकी सवयीची ही चव आहे.

हे करताना खोबऱ्याकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण चव तिथेच बनते किंवा बिघडते. एका नारळाचा चव बारीक खवा, करवंटीजवळचा काळा भाग येऊ देऊ नका. जाड बुडाच्या कढईत, तेल न घालता, मंद आचेवर ठेवा. पहिली सात-आठ मिनिटं काहीच होत नाही, फक्त वाफ येते आणि चव कढईला चिकटतो. मग तो सुटा होऊ लागतो, उलथन्याचा आवाज बदलतो, वाळूत फिरवल्यासारखा खरखरीत होतो. इथून पुढे हात थांबवायचा नाही. तांबूस झाला की लगेच परातीत काढा, कढईतच राहिला तर उरलेल्या उष्णतेने करपतो. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, नाहीतर बरणीला आतून पाणी सुटतं. हे रविवारी सकाळीच करून ठेवा.

गुळाच्या पाण्यासाठी किसलेला माडाचा गूळ वाटीभर, लिंबाएवढी चिंच कोळून, किसलेलं आलं, मीठ आणि चमचाभर तेच भाजलेलं खोबरं वाटून. उकळून चमच्याच्या पाठीला चिकटेल इतकं दाट करा. उसाच्या गुळाने गोडी येते, पण तो धुरकट, किंचित खारट वास येत नाही. मूळ पदार्थात ताडाच्या जातीचाच गूळ असतो, आणि तुमच्याकडे तो वाण्याकडे मिळतो. चाळीस पानं, वाटीभर भाजलेले शेंगदाणे, अंगठ्याएवढे दोन तुकडे आलं, सहा-सात लहान कांदे, चार पातळ सालीची लिंबं. लिंबू सालीसकट वाटाण्याहून बारीक चिरायचं, साल कडू लागेल म्हणून काढू नका, ती हवीच. सगळं लहान लहान वाट्यांत मांडा, मधे पानांची चवड. सुकी सुंगटं वेगळ्या वाटीत, वेगळ्या ताटलीवर. प्रत्येक जण आपापलं पान आपण लावून घेतो. तुम्हाला वाढायचं नाही, तळायचं नाही, विचारायचंही नाही. पहिल्या पाणीविश्रांतीत सगळे ताटाभोवती जमतील, एकमेकांना ‘मिरची जास्त झाली’ म्हणतील, आणि खेळ सुरू झाला की परत बसतील.

दुसरा पदार्थ मोमो. इथे एक विचारते. सासूबाईंचा प्रश्न तुम्ही अडचण म्हणून लिहिला आहे. या पार्टीबद्दल त्यांच्याशी बोललात का? पत्रावरून तरी वाटत नाही. चतुर्थीला मोदक करणाऱ्या हाताला मोमोच्या मुऱ्या पाडायला शिकवावं लागत नाही. उकडीची पारी फाटते, मैद्याची ताणली जाते, म्हणजे काम सोपंच. त्यांना सांगा, सारण भाजीचंच आहे, घडी तुम्ही घालाल का? बऱ्याच घरांत वाद सोवळ्याओवळ्याचा नसतोच. आपल्याला न विचारता आपल्या स्वयंपाकघरात काहीतरी ठरलं, याचा असतो.

तीन वाट्या मैद्यात चाळीस छोटे मोमो होतात. सारणाला कोबी-गाजर मिळून पाऊण किलो, बारीक चिरून मीठ लावून वीस मिनिटं ठेवायचं आणि मग फडक्यात घट्ट पिळायचं. हे पिळणं टाळलं तर पारी खालून ओली होऊन फुटते. मग आलं, लसूण, कांद्याची पात, मिरपूड, थोडं तेल. पाऱ्या मध्ये जाड, कडेला पातळ लाटा. मोदकपात्रात तेलाचा हात लावण्याऐवजी हळदीची पानं अंथरा. जुलैत परसात ती भरपूर असतात, आणि झाकण उघडल्यावर जो वास येतो तो तुम्हाला मी सांगायला नको. संध्याकाळी करून, ताटात एकमेकांना न लागता मांडून, ओल्या फडक्याखाली फ्रिजमध्ये ठेवा. मध्यंतर झाल्या झाल्या उकळत्या पाण्यावर दहा मिनिटं. सामना सुरू झाल्यावर गॅसजवळ जायची बहुतेक तेवढी एकच वेळ. बरोबर चटणी म्हणून माडाचं व्हिनेगर, थोडा सोया सॉस, ठेचलेली लसूण आणि हिरवी मिरची. बस्स.

तिसरा, सॅते. काडीवर लावून भाजलेलं चिकन आणि शेंगदाण्याचं दाट सार. आठशे ग्रॅम बिनहाडाच्या चिकनचे बोटाएवढे लांबट तुकडे, त्याला हळद, धणे, आलं-लसूण, गवती चहाचे पांढरे दांडे ठेचून, गूळ, मीठ आणि नारळाचं घट्ट दूध. दोन तास फ्रिजमध्ये मुरवा. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा, म्हणजे तव्यावर जळत नाहीत. सव्वाअकरा ते पावणेबारा या वेळात तव्यावर भाजून झाकणाच्या डब्यात ठेवा. सामना सुरू होताना द्या आणि पहिल्या अर्धात संपवा. नारळाचं दूध आणि चिकन दोन तासांहून जास्त बाहेर ठेवायचं नाही, उरलं तर फ्रिजमध्ये. शिवराक माणसांसाठी त्याच वाटणात, चिकनला लावायच्या आधी वेगळं काढून, नीरफणसाच्या बोटभर फोडी मुरवा. नीरफणस मूळचा न्यू गिनी आणि इंडोनेशियातल्या मालुकू बेटांच्या बाजूचा, म्हणजे इंडोनेशियाच्या सॅतेच्याच शेजारचा. आता हंगामही त्याचाच. भाजून त्याच्या कडा खरपूस होतात, आत बटाट्याहून मऊ राहतो. मला विचाराल तर चिकनपेक्षा तोच आधी संपेल.

शेंगदाण्याच्या सारासाठी दोन वाट्या दाण्यांचं जाडसर कूट, वाटीभर नारळाचं दूध, चिंच, गूळ, लाल मिरची. उकळी आली की तेल वर येतं, तेव्हा उतरवा. एकच काळजी घ्या. दाणे आणि सुंगटं कुणाला चालत नाहीत का, हे बोलावतानाच विचारून ठेवा. काहींना त्याने घसा सुजण्यापर्यंत त्रास होतो, आणि मध्यरात्री डॉक्टर शोधत फिरायची ती वेळ नव्हे.

चौथं काही हवंच म्हणून मन म्हणत असेल तर आप्पे. आंबट ताकात भिजवलेला रवा, किसलेलं गाजर, कांद्याची पात, वरून तीळ. दहा वाजता करून ठेवले तर साडेबाराला कोमट छान लागतात. लहान मुलं असतील तर तेच त्यांना आवडतात. आणि फणसाच्या आठळ्या, तुम्ही त्यांना बिकणां म्हणत असाल, मिठाच्या पाण्यात उकडून एका भांड्यात ठेवा. जपानी लोक सोयाबीनच्या हिरव्या शेंगा उकडून अशाच सोलत सोलत खातात. सामन्यात हाताला चाळा लागतो, तो आठळ्यांनी भागतो.

आता सोमवार. पंचांगाने वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात. त्या हिशेबाने रात्री साडेबाराला रविवारच चालू असतो, सोमवार उजाडायला सहा वाजून जातात. पण हा हिशेब सासूबाईंना ऐकवायला जाऊ नका. अनेक घरांत बारा वाजले की वार बदलला असं मानतात. नेम त्यांचा आहे, तेव्हा कधीपासून ते त्यांनाच विचारा. त्या मध्यरात्रीपासून धरत असतील तर चिकन आणि सुंगटं बारापूर्वी शिजवून, स्वयंपाकघराबाहेर, व्हरांड्यातल्या वेगळ्या टेबलावर ठेवा आणि ओटा पुसून घ्या. मोदकपात्र, शेंगदाण्याचं सार, पानांचं ताट हे सगळं मुळातच शिवराक आहे. म्हणजे त्यांच्यासाठी वेगळं काही करायचं नाही. पाहुण्यांसाठी थोडं मांसाहारी वेगळं करायचं आहे. ही मांडणी उलटी केली की त्यांनाही आपण बाजूला पडलो असं वाटत नाही.

बाजारच्या बाटल्या घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. ऑयस्टर सॉस, फिश सॉस नावावरून कळतात. पण थाई करीच्या तयार वाटणांत पुष्कळदा कोळंबी असते आणि किमचीत मासळीचं काहीतरी असतं, आणि ते पुढच्या बाजूला लिहिलेलं नसतं. हिरवा ठिपका पाहूनच घ्या. खरं म्हणजे मी वर सांगितलेल्यात सोया सॉसची एक छोटी बाटली सोडली तर विकत आणण्यासारखं परदेशी काही नाहीच. खर्चाचा प्रश्न तिथेच बराचसा मिटतो. चिकन, मैदा, नारळ, दाणे, पानं, भाजी. यादी करून बघा.

जाऊबाईंबद्दल एवढंच म्हणेन. त्यांच्याकडे केटररचं होतं, कारण त्या शहरात तीच सोय त्यांना जमणारी होती. तुमच्याशी बरोबरी करायला त्यांनी ते केलं असेल असं मला पत्रावरून तरी वाटलं नाही. हवं तर त्यांना फोन करून विचारा, डिमसमबरोबर चटणी कुठली होती? त्यांना आनंद होईल. आणि यजमानांना दोन कामं द्या, कारण आमंत्रण त्यांनी दिलं आहे. सॅते भाजणं त्यांचं. वीज गेली तर काय, ही व्यवस्थाही त्यांचीच, इन्व्हर्टर तपासून ठेवणं, मोबाइल भरून ठेवणं. जुलैच्या मध्यरात्री आपल्याकडे वाऱ्यापावसात तारेवर झावळ पडायला वेळ लागत नाही. भांडी धुवायचा प्रश्नही फारसा नाही, विड्याची पानं खाल्ली जातात, बाकीचं केळीच्या पानांच्या तुकड्यांवर द्या.

प्यायला कोकम सरबत, आणि ज्यांना हवी त्यांना सोलकढी. सोलकढी संध्याकाळी करून फ्रिजमध्ये ठेवा, फक्त लसूण आधी घालू नका, रात्रीपर्यंत उग्र होते.

एक शेवटचं काम रविवारी रात्री साडेदहाला करा. उकड्या तांदळाची पेज शिजवून कुकरमध्ये बंद ठेवा. सामना बरोबरीत सुटला तर आणखी तीस मिनिटं, त्यानंतर कदाचित पेनल्टी. तीन वाजतील, बाहेर पाऊस लागलेला असेल, आणि वडीलधाऱ्यांना काहीतरी ऊन ऊन हवं असेल. चीनपासून व्हिएतनामपर्यंत लोक अशीच तांदळाची पातळ पेज वाटीत घेऊन, वर आलं आणि कांद्याची पात घालून पितात. आलं-पात तुमच्याकडे चिरलेली उरलेली असेल, शेजारी लोणचं ठेवा. जादा वेळ सुरू व्हायच्या आधी खेळाडू थोडा वेळ थांबतात, तेव्हा कुकर गरम करा, वाट्या भरा, आणि शिट्टी वाजायच्या आत तुमची वाटी घेऊन परत आपल्या जागेवर या. ती जागा आधीच धरून ठेवा, टीव्हीसमोर, सासूबाईंच्या शेजारी.